यंत्राची बुद्धी, शाळेच्याच संगणकात

संगणक विभागातर्फे अभ्यासलेख
(इयत्ता आठवी ते दहावीसाठी. पालकांनी व विश्वस्तांनीही अवश्य वाचावा.)



आपल्या शाळेच्या कपाटांत जुने वार्षिक अंक आहेत, टाइप केलेल्या विद्यार्थ्यांच्या याद्या आहेत, आणि माजी विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या आठवणींच्या कॅसेटी आहेत. कागद पिवळे पडत चालले आहेत आणि कॅसेटींना बुरशीची भीती आहे. हे सारे संगणकात घ्यावे, आणि नुसती चित्रे न साठवता त्यांतला मजकूर शोधता येईल अशा अक्षरांत आणावा, हा विषय सध्या विश्वस्त मंडळापुढे आहे. त्यासाठी लागणारा एक छोटा प्रोग्रॅम संगणकाच्या तासाला तयार करावा, असाही विचार आहे.

बडोद्याला अशा कामाची परंपरा आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची साखळी उभी केली. पुस्तक सामान्य माणसाच्या हाती पडावे, ही त्यामागची दृष्टी होती. जुना कागद पुन्हा वाचता यावा, हे आपले काम त्याच वाटेवरचे आहे.

मात्र पालकांचा एक प्रश्न आधी सोडवायला हवा. मुलांची नावे, जन्मतारखा आणि आवाज या कामात इंटरनेटवरून कुठे बाहेर जाणार का? या प्रश्नाचे उत्तर प्रोग्रॅम कसा बांधला आहे यावर अवलंबून असते. म्हणून या लेखात आपण कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम आपल्याच संगणकात कसे चालवतात, ते साध्या प्रोग्रॅममध्ये कसे बसवतात आणि त्यात कुठे सावध राहावे लागते, हे क्रमाने पाहू.

१. शिकणे वेगळे, वापरणे वेगळे

एकोणतिसाचा पाढा पाठ करायला आपल्याला दोन-चार दिवस लागतात. एकदा पाठ झाला की ‘एकोणतीस साते किती?’ याचे उत्तर क्षणात देता येते. कृत्रिम बुद्धिमत्तेचेही असेच आहे. अक्षर ओळखायला किंवा बोलणे उतरवून घ्यायला शिकवताना लाखो नमुने दाखवावे लागतात. त्याला शक्तिशाली यंत्रे, पुष्कळ वीज आणि बराच काळ लागतो. हे काम मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठे करतात.

हे शिक्षण पूर्ण झाले की हाती काय उरते? एक फाइल. तिच्यात कोट्यवधी आकडे असतात. या आकड्यांच्या संचाला ‘मॉडेल’ म्हणतात. नवे चित्र किंवा नवा आवाज आला की त्याचे आकड्यांत रूपांतर करायचे, मॉडेलमधल्या आकड्यांशी ठरलेल्या क्रमाने गुणाकार-बेरजा करायच्या, आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा अक्षरांत रूपांतर करायचे. वापरणे म्हणजे एवढेच. मॉडेल लहान असेल तर हे गणित घरचा साधा संगणकही करू शकतो.

२. गणित नेमके कुठे होते?

हे गणित दोन ठिकाणी होऊ शकते. पहिल्या पद्धतीत आपला प्रोग्रॅम कागदाचे चित्र किंवा आवाजाची फाइल इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे पाठवतो. तिथे गणित होते आणि उत्तर परत येते. दुसऱ्या पद्धतीत मॉडेलची फाइल आपल्याच हार्डडिस्कवर असते आणि गणित आपल्या टेबलावरच होते.

पहिल्या पद्धतीचे फायदे खरे आहेत. मोठ्यातले मोठे मॉडेल वापरता येते, आपला संगणक जुना असला तरी अडत नाही, आणि सुधारणा आपोआप मिळतात. पण कागद बाहेर जातो, इंटरनेट बंद पडले की काम थांबते, आणि बहुतेक सेवांना पानांच्या किंवा मिनिटांच्या हिशेबाने पैसे मोजावे लागतात. शिवाय कंपनीने ती सेवा बंद केली तर आपला प्रोग्रॅम निरुपयोगी होतो.

दुसऱ्या पद्धतीत कागद शाळेतच राहतो, इंटरनेट नसले तरी चालते, आणि हजार पाने वाचली तरी खर्च विजेचाच. त्याच्या मोबदल्यात मर्यादा येतात त्या मॉडेलच्या आकाराच्या आणि आपल्या संगणकाच्या ताकदीच्या.

गेल्या काही वर्षांत दुसऱ्या पद्धतीकडे पुष्कळ लक्ष गेले आहे. फायरफॉक्स या ब्राउझरने सप्टेंबर २०२३ मध्ये ११८ व्या आवृत्तीत पानांचे भाषांतर वापरणाऱ्याच्या संगणकातच करण्याची सोय दिली. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ज्या नव्या वर्गाचे संगणक जाहीर केले, त्यांत अशा गणितासाठी वेगळी चिप असावी आणि तिने सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया कराव्यात, अशी अट घातली. ॲपलने जून २०२५ मध्ये आपल्या यंत्रांतले सुमारे ३०० कोटी आकड्यांचे भाषा-मॉडेल इतरांच्या प्रोग्रॅमना वापरण्यासाठी खुले करत असल्याचे जाहीर केले. आपल्या कामाला मात्र अशा नव्या चिपची गरज नाही. प्रयोगशाळेतला साधा संगणक पुरेल. तो कसा, ते हिशेबाने पाहू.

३. फाइलचे वजन : एक हिशेब

बोलणे उतरवून घेणारे ‘व्हिस्पर’ नावाचे मॉडेल ओपनएआय या संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले केले. ते लहानमोठ्या पाच आकारांत मिळाले. त्यांतल्या ‘स्मॉल’ आकारात २४ कोटी ४० लाख आकडे आहेत.

प्रत्येक आकडा ४ बाइटमध्ये ठेवला, तर
२४.४ कोटी × ४ = ९७.६ कोटी बाइट, म्हणजे सुमारे ९७६ मेगाबाइट.

प्रत्येक आकडा २ बाइटमध्ये ठेवला, तर सुमारे ४८८ मेगाबाइट.

प्रत्येक आकडा अर्ध्या बाइटमध्ये, म्हणजे ४ बिटमध्ये ठेवला, तर सुमारे १२२ मेगाबाइट. प्रत्यक्षात थोडी जास्तीची माहितीही ठेवावी लागते, त्यामुळे फाइल याहून काहीशी मोठी होते.

आकड्याला कमी जागा दिली म्हणजे त्याची अचूकता कमी होते. ३.१४१५९ ऐवजी ३.१४ लिहिण्यासारखेच हे आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढताना बहुतेक वेळा ३.१४ पुरते, तसेच मॉडेललाही पुष्कळदा जाडसर आकडे पुरतात. मोठे मॉडेल छोट्या संगणकात बसवण्याची ही मुख्य युक्ती आहे. पण जास्त काटछाट केली की उत्तरे बिघडू लागतात, हे ध्यानात ठेवा.

याच व्हिस्परच्या सर्वांत मोठ्या आकारात १५५ कोटी आकडे आहेत. दोन बाइटप्रमाणे त्याची फाइल ३.१ गिगाबाइटची होते. ४ गिगाबाइट स्मृती असलेल्या संगणकात ती चालवायला गेलात तर विंडोजलाच जागा उरणार नाही. म्हणून कामाला पुरेल असे सर्वांत लहान मॉडेल निवडावे, हा पहिला नियम.

४. छापील अक्षर वाचणारा टेसरॅक्ट

कागदाच्या चित्रातून अक्षरे ओळखण्यासाठी आपण ‘टेसरॅक्ट’ हे साधन निवडू. त्याचा जन्म ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. १९८५ ते १९९४ या काळात तिथे त्याच्यावर काम झाले. २००५ साली कंपनीने तो सर्वांसाठी खुला केला, आणि २००६ पासून पुढे १२ वर्षे गुगलने त्याचा विकास केला. २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून तो एकेक सुटे अक्षर न पाहता संपूर्ण ओळ शिकलेल्या मॉडेलच्या मदतीने वाचतो. जोडाक्षरे आणि शिरोरेषा असलेल्या देवनागरीला ही पद्धत अधिक मानवते.

टेसरॅक्टसाठी मराठीची वेगळी प्रशिक्षित फाइल मिळते. हिंदीची फाइल लावून मराठी वाचायला जाऊ नये. लिपी एकच असली तरी शब्द वेगळे असतात, आणि ‘ळ’, ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ अशा जागी चुका वाढण्याची शक्यता असते. एकाच वेळी दोन-तीन भाषांच्या फाइल जोडूनही देता येतात. आपल्या अंकांत मराठी लेखाच्या बाजूला गुजराती जाहिरात आणि खाली इंग्रजी पत्ता असे पान हमखास असते, तिथे याचा उपयोग होईल.

याच फाइल ‘वेगवान’ आणि ‘उत्तम’ अशा दोन संचांतही मिळतात. वेगवान संचात आकडे काटछाट करून पूर्णांकांत ठेवलेले असतात. आपण वर केलेला हिशेब इथे प्रत्यक्ष पाहायला मिळतो. एकच पान दोन्ही फाइलींनी वाचून वेळ आणि चुका ताडून पाहा.

दोन मर्यादा मात्र आधीच सांगतो. टेसरॅक्ट छापील अक्षरासाठी आहे. आपले जनरल रजिस्टर हाताने लिहिलेले आहे, त्याच्यासमोर तो हात टेकतो. आणि मोडी लिपी त्याला वाचता येत नाही. मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणाऱ्या मॉडेलचे काम आयआयटी रूरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये पुढे मांडले आहे. पण शाळेत वा घरी मोडी कागद असतील, तर ते वाचायला मोडी जाणणारा माणूसच गाठावा.

५. प्रोग्रॅममध्ये हे बसवायचे कसे?

मॉडेल म्हणजे तबकडी आणि ते चालवणारे सॉफ्टवेअर म्हणजे ग्रामोफोन, असे समजा. नुसती तबकडी वाजत नाही. टेसरॅक्टच्या बाबतीत ग्रामोफोन टेसरॅक्टच आहे. इतर पुष्कळ मॉडेलांसाठी ‘ओएनएनएक्स रनटाइम’ हा सामाईक ग्रामोफोन वापरतात. मायक्रोसॉफ्टने तो २०१८ च्या डिसेंबरमध्ये खुला केला. व्हिस्परसाठी बल्गेरियातील जॉर्जी गेर्गानोव यांनी लिहिलेला, साध्या संगणकावरही चालणारा एक ग्रामोफोन प्रसिद्ध आहे. आपला प्रोग्रॅम पायथनमध्ये असो वा सी-शार्पमध्ये, तो या साधनाला बोलावतो, चित्र देतो आणि मजकूर घेतो.

आता कामाचा क्रम पाहू.

पहिली पायरी : काम नेमके ठरवा. ‘शाळेच्या सगळ्या कागदांना बुद्धी लावायची’ हे काम नव्हे. ‘वार्षिक अंकाच्या छापील पानाचा मजकूर काढून शोधता येईल असा ठेवायचा’ हे काम आहे. काम जितके नेमके, तितके मॉडेल लहान आणि तपासणी सोपी.

दुसरी पायरी : परवाना वाचा. टेसरॅक्ट आणि व्हिस्पर दोन्ही मुक्त परवान्याखाली आहेत, शाळेला ते विनामूल्य वापरता येतात. प्रत्येक मॉडेलचे तसे नसते. काहींत अटी असतात.

तिसरी पायरी : चित्र चांगले घ्या. स्कॅन करताना इंचाला किमान ३०० ठिपके ठेवावेत. पान सरळ ठेवावे, पुस्तकाच्या मध्यभागी पडणारी सावली टाळावी. वाईट चित्रावर कितीही हुशार मॉडेल लावले तरी त्याचा उपयोग नाही.

चौथी पायरी : मॉडेल एकदाच स्मृतीत घ्या. नवशिके प्रोग्रॅमर प्रत्येक पानाला फाइल नव्याने उघडतात, आणि मग प्रोग्रॅम रखडतो. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर मॉडेल एकदा उघडावे, सगळी पाने वाचून झाल्यावर मिटावे.

पाचवी पायरी : खिडकी अडवू नका. सरकारी कचेरीत एकच कारकून अर्ज घेतो, तोच आत जाऊन फाइल शोधतो आणि तोच शिक्का मारतो, अशी कल्पना करा. तो आत गेला की खिडकीवर रांग खोळंबते. आपल्या प्रोग्रॅमचेही तसेच होते. पडद्यावरची बटणे सांभाळणाऱ्या धाग्यालाच गणित करायला लावले, तर पडदा गोठतो आणि वापरणारा घाबरून संगणक बंद करतो. म्हणून गणितासाठी दुसरा कारकून, म्हणजे वेगळा धागा नेमावा. पडद्यावर ‘४० पैकी १२ पाने झाली’ असे दाखवावे आणि ‘रद्द करा’ हे बटण नेहमी चालू ठेवावे.

सहावी पायरी : शंका दाखवा. टेसरॅक्ट प्रत्येक शब्दाबरोबर आपल्याला किती खात्री आहे हे ० ते १०० या आकड्यात सांगतो. कमी खात्रीचे शब्द पिवळ्या रंगात दाखवावेत, म्हणजे तपासणाऱ्याची नजर आधी तिथे जाते. पण यंत्र खात्रीनेही चुकते. त्यामुळे पांढरे शब्द बरोबरच आहेत असे धरून चालू नका.

सातवी पायरी : मूळ चित्र कधीही टाकू नका. मजकुराशेजारी मूळ पानाचे चित्र ठेवा. उद्या शंका आली तर ताडून पाहता आले पाहिजे, आणि दहा वर्षांनी अधिक चांगले मॉडेल आले तर तेच चित्र पुन्हा वाचता येईल.

जुन्या अंकांबाबत आणखी एक सूचना. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वी ‘शाळेंत’, ‘मुलें’, ‘गेलीं’ असे अनुस्वार लिहीत. ते छपाईच्या चुका नाहीत. यंत्राने किंवा तपासणाऱ्याने ते ‘सुधारू’ नयेत. त्या काळची मराठी जशीच्या तशी उतरवणे हे आपले काम. शोधताना अडचण नको म्हणून प्रोग्रॅमने शोधाच्या वेळी अनुस्वाराकडे दुर्लक्ष करावे. ही सोय चार-पाच ओळींत लिहिता येते.

६. शंभरात एक चूक म्हणजे किती?

‘९९ टक्के अचूक’ असे वाचले की आपल्याला वाटते, झाले काम. हिशेब करून पाहू.

समजा, टाइप केलेल्या जुन्या यादीतला प्रत्येक अंक यंत्र शंभरात ९९ वेळा बरोबर वाचते. जन्मतारखेत दिवसाचे २, महिन्याचे २ आणि वर्षाचे ४ असे ८ अंक असतात. तारीख बरोबर यायची तर आठही अंक बरोबर यायला हवेत. म्हणजे

०.९९ × ०.९९ × … (आठ वेळा) = सुमारे ०.९२३

शंभर तारखांपैकी जवळजवळ आठ तारखांत कुठे तरी चूक. यादीत ५०० विद्यार्थी असतील तर सुमारे ३९ जणांची जन्मतारीख चुकली!

वार्षिक अंकातल्या कवितेत एखादा ‘घ’चा ‘ध’ झाला तर वाचक समजून घेईल. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर चुकीची तारीख गेली, तर त्या माणसाला पासपोर्टापासून निवृत्तिवेतनापर्यंत खेटे घालावे लागतात. पुसट छपाईत १ आणि ९, ‘भ’ आणि ‘म’, ‘व’ आणि ‘ब’ यांची अदलाबदल यंत्र सहज करते. ‘वामन’चा ‘बामन’ झाला तर ते नाव कोणाचे?

म्हणून आम्ही असा नियम सुचवतो. यंत्राने काढलेला मजकूर हा कच्चा खर्डा समजावा. नाव, तारीख, गुण अशा जागी दोन वेगवेगळ्या माणसांनी मूळ चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय प्रोग्रॅमने नोंद पक्की करू नये. आणि दाखला काढताना मूळ रजिस्टरच पाहावे. यंत्राचा मजकूर फक्त पान शोधायला वापरावा.

७. आवाजाची गोष्ट

कॅसेटींवरच्या आठवणी व्हिस्परने उतरवता येतील. तो आवाजाचे ३० सेकंदांचे तुकडे करून एकेक तुकडा वाचतो. त्याला येणाऱ्या भाषांत मराठी आहे. पण त्याला शिकवताना वापरलेल्या ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणात मराठीचा वाटा एक टक्काही नव्हता. साहजिकच इंग्रजीत तो जितका सफाईदार, तितका मराठीत नाही. त्यातून आपली मराठी बडोद्याची. वाक्य मराठी, पण मधूनच गुजराती शब्द सहज येऊन बसणारे. असे बोलणे त्याने क्वचितच ऐकलेले असणार.

त्याचा एक दोष फार सावध राहण्यासारखा आहे. जिथे बोलणारा थांबतो आणि नुसती शांतता किंवा खरखर असते, तिथे हे मॉडेल कधी कधी न बोललेली वाक्ये स्वतःच रचून घालते. ती वाक्ये वाचायला अगदी सरळ, व्याकरणशुद्ध असतात. अक्षर ओळखण्यातली चूक विचित्र दिसते, म्हणून सापडते. ही चूक शहाण्यासारखी दिसते, म्हणून निसटते. आजी-आजोबांच्या तोंडी त्यांनी न म्हटलेले वाक्य घालणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. तेव्हा प्रत्येक ध्वनिफीत कोणी तरी कान देऊन, मजकूर समोर ठेवून पूर्ण ऐकलीच पाहिजे. शक्यतो हे काम त्या घरच्याच माणसाने करावे. गावाची, माणसांची नावे त्यालाच ठाऊक असतात.

८. आपल्याच संगणकात आहे, म्हणून सुरक्षित?

पालकहो आणि माननीय विश्वस्त, हा भाग विशेषतः आपल्यासाठी आहे. कागद बाहेर गेला नाही म्हणजे चिंता मिटली, असे नव्हे.

मायक्रोसॉफ्टने २० मे २०२४ रोजी ‘रिकॉल’ नावाची सोय जाहीर केली. संगणकाच्या पडद्याची चित्रे वरचेवर घेऊन, त्यांतला मजकूर त्याच संगणकात वाचून ठेवायचा, म्हणजे मागे पाहिलेले काहीही शोधता येईल, अशी ती कल्पना होती. सगळे गणित घरच्या यंत्रातच होत होते. तरीही सुरक्षातज्ज्ञांनी दाखवून दिले की साठवलेला मजकूर पुरेसा कुलूपबंद नाही. संगणकात शिरलेल्या दुसऱ्या कुणालाही तो उचलता येईल. जून २०२४ मध्ये कंपनीने ही सोय पुढे ढकलली. पुढे वापरणाऱ्याने स्वतः सुरू केल्याशिवाय ती चालणार नाही, आणि मजकूर कुलूपबंद राहील, असे बदल केले. एप्रिल २०२५ मध्ये ती सर्वांसाठी देण्यास सुरुवात झाली.

यातून आपल्याला काय घ्यायचे? वाचून काढलेला मजकूर मूळ कागदापेक्षा जास्त जपायला हवा. कपाटातल्या हजार पानांतून एका मुलाची माहिती शोधायला चोराला दिवस लागतील. शोधता येणाऱ्या फाइलीत ती एका क्षणात मिळते.

कायद्याचाही विचार करावा लागेल. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार (२०२३) १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, आणि बालकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याची तरतूद त्यात आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. शाळांना कोणत्या कामांत किती सवलत आहे, हे विश्वस्तांनी जाणकार वकिलाकडून समजून घ्यावे.

शाळेपुरते आम्ही पुढील नियम सुचवतो.

(१) जे छापून पूर्वीच सर्वांसमोर आले आहे, उदाहरणार्थ वार्षिक अंकातले लेख आणि कविता, ते चांगल्या वाचनासाठी इंटरनेटवरील सेवेकडे पाठवायला हरकत नाही. मात्र अंकातल्या मुलांच्या याद्या आणि फोटो त्यातून वगळावेत.

(२) मुलांचे नाव, जन्मतारीख, गुण, चेहरा आणि आवाज असलेली कोणतीही गोष्ट शाळेच्या संगणकाबाहेर जाऊ नये. तिचे वाचन घरच्याच मॉडेलने व्हावे, चुका जास्त झाल्या तरी चालतील. चुका आपण बसून दुरुस्त करू शकतो. बाहेर गेलेला कागद परत आणता येत नाही.

(३) त्या संगणकाची हार्डडिस्क कुलूपबंद असावी, पासवर्ड ठरावीक दोघांकडेच असावा, आणि एक प्रत दुसऱ्या जागी तशीच कुलूपबंद ठेवावी.

(४) प्रोग्रॅम ‘सगळे आपल्या संगणकातच होते’ असे सांगत असेल तर ते तपासून घ्यावे. सर्वांत सोपी परीक्षा अशी : इंटरनेटची तार काढा, वाय-फाय बंद करा आणि काम करून पाहा. काम होत नसेल, तर गणित दुसरीकडे होते आहे. काम झाले तरी एवढ्यावर थांबू नका. तार पुन्हा जोडल्यावर प्रोग्रॅम साठवलेले काही पाठवतो का, हे सेटिंगमध्ये आणि फायरवॉलमध्ये पाहावे. या कामाचा संगणक इंटरनेटला न जोडणे सर्वांत चांगले.

(५) आठवणी सांगणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची, आणि ती हयात नसल्यास कुटुंबाची, लेखी परवानगी घ्यावी.

९. आपली मराठी कोण शिकवणार?

शेवटी एक गोष्ट भाषेबद्दल. ज्या भाषेत तपासलेला, स्वच्छ मजकूर भरपूर आहे, ती भाषा यंत्राला चांगली येते. भारतीय भाषांसाठी असे मजकूर आणि आवाज जमवण्याचे काम आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ या गटाने आणि केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या उपक्रमाने चालवले आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद इथल्या मराठीचे स्वतःचे वळण आहे. ते कागदावर नीट उतरवून, तपासून ठेवले नाही, तर यंत्राला ते कधीच कळणार नाही, आणि पुढच्या पिढीला यंत्राने वाचून दाखवलेली मराठी आपल्या घरच्या मराठीसारखी वाटणार नाही. प्रत्येक पान तपासताना हे मनात असू द्या. दुरुस्त केलेले पान आणि त्याचे मूळ चित्र अशी जोडी जपली, तर पुढे तिचाच उपयोग मॉडेलला आपली मराठी शिकवण्यासाठी होईल. ती जोडी कोणाला द्यायची, आणि द्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकारही तेव्हा आपल्याच हाती असेल.

स्वाध्याय

१. एका मॉडेलमध्ये ७ कोटी ४० लाख आकडे आहेत. प्रत्येक आकडा ४ बाइट, २ बाइट आणि अर्धा बाइट घेत असेल, तर फाइल किती मेगाबाइटची होईल?

२. प्रत्येक अंक १००० पैकी ९९९ वेळा बरोबर वाचला जातो. आठ अंकी जन्मतारखा असलेल्या ५०० नोंदींत साधारण किती तारखा चुकतील? वरच्या उत्तराशी तुलना करा.

३. वार्षिक अंकातले एक पान टेसरॅक्टने वाचा. चुकलेली, गळलेली आणि जास्तीची आलेली अक्षरे मोजा. त्यांच्या बेरजेला पानावरील एकूण अक्षरांनी भागा. कोणती अक्षरे वारंवार चुकली, याची यादी करा.

४. घरच्या संगणकातील वा मोबाइलमधील ‘हुशार’ म्हणवणाऱ्या तीन सोयी निवडा. इंटरनेट बंद करून त्या चालतात का पाहा. निष्कर्ष पालकांशी बोलून चार ओळींत लिहा.

५. चर्चा करा : आजोबांच्या आठवणींची ध्वनिफीत अधिक अचूक उतरावी म्हणून बाहेरच्या सेवेकडे पाठवावी, की कमी अचूक असली तरी शाळेतच उतरवावी? ध्वनिफितीत इतर कोणाकोणाची नावे आली आहेत, याचाही विचार करा.

उत्तरे पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत संगणक विभागात आणून द्यावीत. तिसऱ्या प्रश्नातील अक्षरांच्या याद्या एकत्र करून आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवणार आहोत. त्यांवरून तपासणीला किती माणसे आणि किती वेळ लागेल याचा अंदाज बांधता येईल. जे पालक, माजी विद्यार्थी महिन्यातून दोन तास पाने तपासायला देऊ शकतील, त्यांनीही आपली नावे जरूर कळवावीत.